सोंड्या भुंग्याची वरात

‘कामगंध सापळा’ हा शब्द ज्या कुणा विद्वानानं पाडला, त्याला एकदा आमच्या उचगावच्या देवळातल्या मंडपात उभा करावा आणि समोर बायाबापड्या, म्हातारेकोतारे बसलेले असताना तो मोठ्यानं म्हणायला लावावा. डॉक्टर उपासनाबाईंनी तो म्हटला तेव्हा मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो. पुढच्या रांगेतल्या तिघा-चौघा म्हाताऱ्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. माझ्या चुलतवहिनींनी, मालुवहिनींनी, पदर तोंडाला लावला. पोरं तर हसायला बाहेरच पळाली. त्यानंतर बाईंनी पडद्यावर आलेख दाखवले, बाण दाखवले, टक्केवारी दाखवली, पण कुणाचं ध्यान नव्हतं. सगळं गाव त्या एका शब्दापाशीच अडून बसलं होतं.

मला राग आला. तसा मला राग लवकर येतो असं माझी बायको पूर्णिमा म्हणते. माझं म्हणणं, मी फक्त वाईट कामाला वाईट म्हणतो. बेळगावात शाळेत चित्रकला शिकवतो, पोरांना हेच सांगत आलोय की बघणाऱ्याला कळलं नाही तर चूक बघणाऱ्याची नसते. आणि त्या आलेखांत माझाही हात होता, म्हणून राग जास्त.

झालं होतं असं. उपासनाबाई निपाणीच्या. किडामुंगीच्या शास्त्रज्ञ. आमच्या भागात रताळी पिकतात आणि रताळ्याला लागतो सोंड्या भुंगा. मुंगीपेक्षा थोडा मोठा, निळसर काळा, मान आणि पाय तांबडे, पुढं ही सोंड. दिसायला देखणा, पण त्याची अळी रताळं आतून पोखरते आणि ते कडू जहर होतं. एकादशीला असलं रताळं ज्याच्या वाट्याला येतं, तो देवाचं नाव सोडून भलतंच काहीतरी बोलतो. तर हा भुंगा एका रानातून दुसऱ्या रानात किती जातो, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, सोडायचा, आणि पुढं तो कुठल्या सापळ्यात सापडतो ते बघायचं. सापळ्यात मादीचा वास लावलेली रबराची गोळी असते. त्या वासावर नर येतात आणि खाली साबणाच्या पाण्यात पडतात.

पण ठिपका देणार कोण? बाईंच्या प्रयोगशाळेतल्यांनी दिलेले ठिपके एवढे जाड की भुंगे जागीच बसून राहायचे. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढायला लोक मला बेळगावातल्या वडगावच्या माझ्या घरातून नेतात, तेव्हा भुंग्याची पाठ म्हणजे मला मैदानच. बर्फाच्या पेटीत ठेवून सुस्तावलेले भुंगे बाई एकेक समोर ठेवायच्या आणि मी बारीक कुंचल्यानं ठिपका द्यायचो. चार बाजूंची चार रानं, चार रंग. काळ्या पाठीवर जे उठून दिसले ते घेतले. वरच्या माळाला भगवा, तळ्याकडच्या रानाला पिवळा, रस्त्याकडच्याला तांबडा, आणि ओढ्याकाठच्या रानाला पांढरा. ओढ्याकाठचं रान माझ्या चुलतभावाचं, भावकूअण्णाचं.

तीन हंगाम हे चाललं. निघालं ते असं की भुंगा कुणाच्या बांधाला जुमानत नाही. एकानं सापळे लावले आणि शेजाऱ्यानं नाही, तर पहिल्याचे सापळे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लावणीच्या आधी, मे महिन्यात, सगळ्यांनी मिळून रानात राहिलेले वेल आणि सडकी रताळी काढून पुरायची आणि सापळेही एकाच आठवड्यात लावायचे, तर उपयोग. चार रानांतलं एक जरी बाहेर राहिलं तरी सगळं फुकट. बाईंच्या प्रकल्पाला हा शेवटचाच हंगाम मिळाला होता. गाव आता हो म्हणालं तर काम पुरं, नाही म्हणालं तर तीन वर्षांची मेहनत एका जाडजूड अहवालात मिटून कपाटात जाणार.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर बाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

“सर, आता तुम्हीच सांगा. ह्याचं चित्र करता येईल?”

“आधी मला सांगा,” मी म्हणालो, “सापळ्यात नरच का येतात?”

“मादी फारशी उडत नाही. ती बसल्या जागेवरनं वास सोडते. नर घर सोडून तिला शोधत निघतो.”

“म्हणजे नवरदेव नटूनथटून निघाला, आणि मांडवात गेल्यावर नवरीच नाही.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मनापासून हसल्या. असं हसणं मी त्यांच्याकडून तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. “सर, हे बरोबर आहे हो,” त्या म्हणाल्या. “अगदी शास्त्राला धरून बरोबर आहे.”

मी कामाला लागलो. भिंतीएवढा कापडी पडदा घेतला, चारी रानं काढली, आणि त्यांतून निघालेले सोंडे भुंगे. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, कमरेला कट्यार. ज्या रानातला भुंगा, त्या रानाच्या ठिपक्याचा फेटा. काय एकेक रुबाब चढला होता त्यांच्यावर. बाई बघायला आल्या, चष्मा पुढं ओढून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही बाईला फेटा बांधलाय.”

“कुठं?”

“सगळीकडं. मिशी बघा ना. नराच्या मिशीचं शेवटचं पेर लांब, सरळ असतं. मादीचं आखूड आणि जाड. ह्या सगळ्या नवऱ्याच निघाल्यात वरातीला.”

“हल्ली लग्नात बायकाही बांधतात फेटे,” मी म्हणालो. पण मिशा सगळ्या बदलाव्या लागल्या. त्यात दोन रविवार गेले आणि बाईंशी मी नीट बोललो नाही.

अंदाज घ्यावा म्हणून पडदा गावातल्या दूध डेअरीसमोर सकाळी नेऊन टांगला. माणसं जमली. हसली पण. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात आमचा शामू, जो वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कॅन खाली ठेवून पुढं आला.

“मष्णूमास्तर, तांबडे आणि पिवळे भगव्या रानात घुसताना दाखवलायसा. ह्ये कुणाच्या सांगण्यावरनं?”

मी पडद्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तांबडा-पिवळा म्हणजे कन्नड झेंडा. भगवा कुणाचा ते सांगायला नको. सीमाभागात जन्मलो, इथंच केस पांढरे झाले, आणि भुंग्याच्या पाठीवर तीन वर्षं ते रंग देताना एकदाही डोक्यात आलं नाही. बाईंच्याही नाही. ठिपक्याएवढा रंग असेपर्यंत तो नुसता रंग असतो. फेट्याएवढा झाला की तो बोलायला लागतो. दहा मिनिटांत भुंगा राहिला बाजूला आणि माणसं थेट सीमाप्रश्नावर गेली.

त्यातच भावकूअण्णा आला. भावकूअण्णा म्हणजे कपाळाला आठी आणि डोक्याला पांढराधोट पटका, तो मी लहानपणापासून बघतोय. पडद्यावर जिकडंतिकडं पांढरे फेटेच जास्त. कुणीतरी म्हणालंच, “अण्णा, समदीकडं तुमीच दिसतायसा की.” माणसं हसली. अण्णा नाही हसला.

“म्हंजे कीड माझ्या रानातनं जात्या म्हंता?” तो मला म्हणाला. “रक्ताचा भाऊ असून माझी चित्रं काढून डेअरीम्होरं लावलास व्हय रं? माझं रान ह्यात धरू नगा. सापळा न्हाय आनि गिपळा न्हाय.”

आणि गेला. तोच एक नको होता जायला. बाकीची तीनही रानं तयार झाली असती, पण ओढ्याकाठ वगळून काही अर्थच नव्हता.

घरी आलो तो पडदा गुंडाळूनच. पूर्णिमा वडगावच्या विणकराची पोर. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “भगवा, निळा, हिरवा, तांबडा, पिवळा, सगळ्यांना आधीच कुणी ना कुणी मालक आहे. साडीतले रंग घ्या की. साडीच्या दुकानात पक्ष नसतो.” मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मोरपंखी, वांगी, डाळिंबी, बदामी. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, डाळिंबी नको, मागच्या रांगेतून तो वांगीसारखाच दिसेल, आणि काही माणसांना तांबडा-हिरवा ओळखूच येत नाही, तेव्हा फिकट-गडद असा फरक ठेवा. डाळिंबी गेला, अबोली आला. एवढ्यापर्यंत मी ऐकलं.

फेटे रंगवताना मी आणखी एक केलं. ओढ्याकाठच्या रानातले, म्हणजे आता बदामी फेट्याचे, काही भुंगे इकडंतिकडं मिसळून टाकले. कुणाला अबोली फेटा दिला, कुणाला मोरपंखी. भावकूअण्णाची समजूत पटेल आणि चित्रही एका बाजूला कलणार नाही, असा माझा विचार. मला तो चांगला वाटला होता.

बाई आल्या, समोर उभ्या राहिल्या. शेजारच्या घरात माग खटखटत होता. त्या बोटांवर एकेका रंगाचे फेटे मोजायला लागल्या.

“सर, बदामी कमी झालेत.”

“चित्राचा तोल जात होता.”

“चित्राचा का नात्याचा?”

माझं डोकं फिरलं. म्हणालो, “बाई, तुमचे आलेख खरे होते, पण कुणी बघितले का? हे लोक बघतील. चार भुंगे हलले तर काय आभाळ कोसळतंय?”

“रंग तुमचा,” बाई म्हणाल्या. “फेटा कसला, मुंडावळी कसली, तुम्ही ठरवा, मी चकार शब्द काढणार नाही. भुंगा माझाय. त्यो जिथला हाय तिथलाच ऱ्हाईल. असलं खोटं मी मरस्तोवर दाखवणार न्हाय.” चिडल्यावर त्यांची निपाणी अशी वर येते हे मला तेव्हा कळलं.

“मग अण्णा येणार नाही. तुमचा भुंगा घेऊन बसा तुम्ही.”

“बसते.”

आणि खरोखरच बसल्या खुर्चीत. मी पाठ फिरवून पडद्याकडं तोंड करून बसलो. पूर्णिमानं चहा आणून दोघांच्या मधे ठेवला आणि एकाकडंही न बघता आत गेली. मला बाईंचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्या चित्राचा. रंग चांगले, भुंगे झकास, पण चित्र काही जमून येत नव्हतं. बघता बघता मला कळलं काय चुकतंय ते. सगळे नुसते निघालेले होते. फेटे बांधलेल्या नवरदेवांची गर्दी, पण ते चाललेत कुठं याचा पत्ता नाही.

“बाई,” मी न वळताच म्हणालो, “ही वरात आहे, पण मांडव कुठाय?”

“म्हणजे?”

“तुम्ही मला कुठल्या रानातून किती निघाले ते दिलंत. कुठं किती पोचले?”

“तो तक्ता वेगळा आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मागितला नाहीत.” मग लॅपटॉप उघडला, आणि उघडता उघडता त्यांचा आवाज बदलला. “सर, इकडं या.”

सगळ्यात जास्त भुंगे पोचले होते ते ओढ्याकाठच्या रानात. माळावरचे, तळ्याकडचे, रस्त्याकडचे, सगळे तिकडंच. कारणही साधं होतं. ओढ्यामुळं तिथं उन्हाळ्यातही ओल, राहिलेले वेल हिरवे, आणि हिरव्या वेलावर माद्या. भावकूअण्णाच्या रानातून भुंगे जात होते ते खरंच, पण त्याआधी अख्ख्या गावाचे भुंगे त्याच्याकडं येत होते.

“म्हणजे अण्णा,” मी म्हणालो, “नवरीचा बाप आहे.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. आमच्याकडं नवरीच्या बापाची काय गत होते हे सांगायची गरज नाही. वरात त्याच्या दारात, जेवण त्याच्या घरचं, आणि बोलून घ्यायचं तेही त्यानंच.

मी जुना पडदा ठेवून दिला आणि नवा घेतला. मधोमध ओढ्याकाठचं रान, तिथं मांडव, आणि तीन दिशांनी येणाऱ्या तीन रंगांच्या वराती. एकेक भुंगा बाईंनी शेजारी उभं राहून मोजून घेतला. खाली त्यांनी एक ओळ लिहायला लावली. ‘या चित्रात ओढ्याकाठच्या रानात आलेले भुंगे दाखवले आहेत. तिथून गेलेले दाखवलेले नाहीत.’ मी म्हणालो, लग्नाच्या पत्रिकेत कुणी असलं लिहितं का. बाई म्हणाल्या, मी लिहिते. त्या ओळीपुढं माझं काही चाललं नाही. मात्र सापळ्याचं नाव मी माझ्या अक्षरात ‘नवरदेव सापळा’ असं लिहिलं आणि त्याला बाईंनी एका शब्दानं हरकत घेतली नाही.

मेच्या मध्यात देवळात पुन्हा बैठक बसली. भावकूअण्णाला मालुवहिनी घेऊन आल्या. तो मागं दाराजवळ बसला, उठून जायला सोपं म्हणून. मी पडदा सोडला. आधी कुजबुज झाली, मग हसू, आणि मग शामू म्हणाला, “आरं, समदं गाव अण्णाच्या दारात गेलंय की.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली. या वेळी कुणाला खोकला आला नाही. माळावरचे नवरदेव किती, तळ्याकडचे किती, नवरी तिकडं का असते, सगळं त्यांनी वरातीच्या भाषेत सांगितलं, आणि सांगताना एकही आकडा वर-खाली केला नाही. भावकूअण्णा हळूहळू पुढं सरकत आला. पटका सारखा करत पडद्यासमोर उभा राहिला.

“म्हंजे ह्या समद्यांनी माझी रताळी खाल्ली?”

“व्हय अण्णा,” बाई म्हणाल्या. “वरातीसकट.”

“आनि ह्येच मला हसत हुते डेअरीम्होरं.” त्यानं वळून गावाकडं बघितलं. मला वाटलं, आता झालं, आता हो म्हणतोय. मी मनातल्या मनात सापळे वाटायलाही घेतले होते.

पण अण्णा खाली वाकला. त्यानं बोट लावून ती खालची ओळ वाचली. चौथीपर्यंत शिकलाय, सावकाश वाचतो. “ह्यात गेलेले दावलेले न्हाईत,” तो म्हणाला. “मग माझ्या रानातनं किती गेले?”

मी बाईंकडं बघितलं. डोळ्यांनी म्हणालो, आता तरी राहू द्या. एवढं सगळं जुळून आलेलं, एका वाक्यानं विस्कटणार होतं. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“सगळ्यात जास्त, अण्णा,” त्या म्हणाल्या. “आले जास्त म्हणून गेलेपण जास्त. चारी रानांत तुमच्याच रानातले जास्त सापडले. आम्ही डेअरीसमोर लावलं होतं ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. हेही अर्धंच आहे.”

मालुवहिनी उठून उभ्या राहिल्या, त्याला धरून बाहेर न्यावं लागेल अशा बेतानं. बाई तशाच पडद्याजवळ उभ्या होत्या, मान ताठ. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि कालपर्यंत भांडत होतो याची लाजही वाटली.

“तरीच,” अण्णा शेवटी म्हणाला. “तरीच गेल्या साली मालू म्हनत हुती, वड्याकडचे वेल काडा, काडा. म्या म्हटलं, म्हसरं खात्यात तवर ऱ्हाऊ दे.” मग तो गावाकडं वळला. “असं करा. वरपक्षानं घरटी एकेक मानूस धाडायचा, आनि आदी माझं रान झाडून द्यायचं. इतके दिस जेवलायसा, खरकटं तरी काडा. मग म्या बी येतो तुमच्या रानात. आनि त्यो नवरदेव सापळा पयला माझ्यात लावायचा.”

शामूनं हात वर केला, मग माळावरच्यांनी, मग सगळ्यांनीच. बाई पडद्याआड गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हसत होत्या.

मी पडदा गुंडाळायला घेतला तर अण्णानं माझा हात धरला.

“थांब रं. अर्धं ठेवून कुठं चाललास? माझ्या रानातनं गेलेले काड की.”

“आत्ता?”

“मग कवा? त्यांच्या वराती दावल्यास, माझी न्हाय व्हय?”

रंगाचा डबा गाडीत होताच. मी बदामी रंग कालवला. बाई बाजूला उभं राहून सांगू लागल्या, माळावर इतके, तळ्याकडं इतके, आणि मी काढू लागलो, मिशीचं शेवटचं पेर लांब, सरळ. अण्णा कमरेवर हात ठेवून मागं उभा होता. थोडा वेळ त्यानं बघितलं आणि म्हणाला, “फेटे जरा मोठे बांध, मष्णू. आमच्या घरची पोरं हैत.”